कल्लुमाला

हाताने ओवलेल्या मण्यांचे ‘लोकदागिने’ प्रदर्शनात मांडलेले पाहिले की मला कल्लुमाला आठवते. त्रावणकोरच्या पुलया स्त्रियांना सोन्याचांदीची बंदी होती. दगडाच्या नि काचेच्या मण्यांच्या माळा मात्र गळाभर वागवायच्या, चिखलात भात लावतानासुद्धा. दुरून जात कळावी, एवढेच त्यांचे काम. १९१५ साली अय्यनकाळींनी त्या फेकून द्यायला सांगितले. पेरिनाडला सवर्णांनी हल्ले केले, झोपड्या जाळल्या. पण डिसेंबरात कोल्लमला सर्कशीच्या तंबूत सभा भरली आणि स्त्रियांनी माळा तोडून तिथेच ढीग घातला.

यावर एक हस्तकला बुडाली म्हणून हळहळणारे विद्वान भेटतात. मण्यांशी वैर कुणाचे होते? वैर होते सक्तीशी. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनीही आपल्या आयाबायांना गळसऱ्यांचा नि कोपरापर्यंतच्या कथलाच्या गोठ-पाटल्यांचा भार उतरवायला सांगितले, कारण त्याही अस्पृश्यतेच्या खुणा होत्या. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असे त्यांचे सांगणे होते. त्या सभेनंतर बायकांनी लुगडे नेसायची तऱ्हाही बदलली.