डीएचसीपी ग्राहक-ओळखचिन्ह

डीएचसीपी ग्राहक-ओळखचिन्ह म्हणजे संगणक, मोबाइल, प्रिंटर यांसारखे उपकरण नेटवर्ककडे आयपी पत्ता मागताना स्वतःची ओळख म्हणून पाठवते ते चिन्ह होय. कोणता पत्ता कोणास दिला, याची नोंद सर्व्हर या चिन्हाच्या आधारे ठेवतो आणि तेच उपकरण पुन्हा आल्यास शक्यतो पूर्वीचाच पत्ता देतो.

कार्यपद्धती

नव्याने जोडलेल्या उपकरणाजवळ आयपी पत्ता नसतो. म्हणून ते ०.०.०.० या पत्त्यावरून सर्वांना उद्देशून शोधसंदेश पाठवते. सर्व्हर एखादा पत्ता देऊ करतो, उपकरण त्याची रीतसर मागणी करते आणि सर्व्हर मान्यता कळवतो. हा पत्ता ठरावीक मुदतीपुरता मिळतो. मुदत संपण्यापूर्वी तिचे नूतनीकरण करावे लागते.

ओळखीचे प्रकार

मागणीच्या संदेशात नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता असतो. इथरनेट व वायफाय यांत तो ४८ बिटांचा असतो. याखेरीज मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २१३२ या मानकानुसार पर्याय क्रमांक ६१ मधून स्वतंत्र ओळखचिन्ह पाठवता येते. ते पाठवले असल्यास सर्व्हर मॅकऐवजी त्यालाच प्रमाण मानतो. त्यामुळे एकाच संगणकावरील दोन कार्यप्रणालींनी निरनिराळी चिन्हे पाठवल्यास त्यांना दोन वेगळे पत्ते मिळू शकतात. उलट, आभासी संगणकाची प्रत ओळखचिन्हासह काढल्यास दोन यंत्रे एकाच पत्त्यावर हक्क सांगतात.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत ‘डीयूआयडी’ हे चिन्ह वापरतात. ते कार्डाचे नसून संपूर्ण उपकरणाचे असते. कार्ड बदलले तरी ते कायम राहावे, अशी अपेक्षा असते. आरएफसी ४३६१ (२००६) ने हीच पद्धत चौथ्या आवृत्तीसाठीही सुचवली.

मर्यादा व खासगीपणा

ओळखचिन्ह हा ओळखीचा पुरावा नव्हे. उपकरण जे सांगते ते सर्व्हर सहसा पडताळणी न करता स्वीकारतो. त्यामुळे केवळ त्यावर विसंबून सुरक्षाव्यवस्था उभारणे योग्य ठरत नाही.

कायमस्वरूपी चिन्हामुळे निरनिराळ्या ठिकाणी फिरणाऱ्या उपकरणाचा आणि पर्यायाने व्यक्तीचा माग काढता येतो. यावर उपाय म्हणून आरएफसी ७८४४ (२०१६) मध्ये अनामिक राहण्याचे नियम सांगितले आहेत. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) यांपासून मोबाइल प्रत्येक वायफाय नेटवर्कसाठी निराळा, यदृच्छेने निवडलेला मॅक पत्ता वापरू लागले. अशा मोबाइलसाठी राउटरमध्ये पत्ता राखून ठेवताना कारखान्यातून आलेला मॅक नव्हे, तर त्या नेटवर्कला प्रत्यक्ष दिसणारा मॅक नोंदवावा लागतो.