जपानी भाषेचे शालेय अध्यापन : ‘कोकुगो’पासून ‘निहोंगो’पर्यंत

प्रस्तावना :
जपानमधील शाळांच्या वेळापत्रकात भाषेच्या तासाला ‘जपानी’ असे नाव नाही. त्यास ‘कोकुगो’, म्हणजे राष्ट्राची भाषा, असे म्हणतात. हीच भाषा परकीयास शिकविली जाते तेव्हा मात्र ती ‘निहोंगो’ होते. मातृभाषा जपानी नसलेले मूल जपानी शाळेत दाखल झाले, तर त्यास यांपैकी कोणती भाषा शिकवावयाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

वसाहतीतील प्रयोग :
एप्रिल १८९५ मधील शिमोनोसेकीच्या तहाने तैवान जपानकडे गेले आणि त्याच वर्षी इझावा शूजी या शिक्षणाधिकाऱ्याने तैपेईजवळील एका टेकडीवर शाळा उघडली. इझावा अमेरिकेत ग्रॅहॅम बेल यांच्याकडे उच्चारशास्त्र शिकलेला होता. दि. १ जानेवारी १८९६ रोजी जपानी सत्तेविरुद्धच्या उठावात या शाळेचे सहा शिक्षक मारले गेले. पुढे राज्यकर्त्यांनी त्यांना हुतात्म्यांचे स्थान दिले. आरंभी चिनी भाषांतराच्या आधारे शिकविले जाई. लवकरच फ्रेंच अध्यापक फ्रांस्वा ग्वँ यांच्या विचारांच्या प्रभावाने मातृभाषेचा आधार न घेणारी थेट पद्धत स्वीकारली गेली. तिचा पुरस्कर्ता यामागुची किइचिरो याने ती पुढे कोरियात व मांचुरियातही नेली.

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. पद्धत परभाषेच्या अध्यापनाची होती, विषयाचे नाव मात्र ‘कोकुगो’च होते. शिवाय १८९८ पासून तैवानी मुलांसाठी ‘कोगाक्को’ आणि जपानी मुलांसाठी ‘शोगाक्को’ अशा शाळाही वेगळ्याच होत्या. भाषा एका राष्ट्राची, बाके दोन! कोरियात १९३८ मध्ये कोरियन भाषा ऐच्छिक करण्यात आली, तेव्हा या धोरणाचा खरा हेतू पुरेसा उघड झाला.

१९९० नंतरचा कालखंड :
१९४५ मध्ये साम्राज्य संपले. त्यानंतर चीनमधून परतलेल्या जपानी कुटुंबांच्या मुलांसाठी काही शाळांत वर्ग चालत, परंतु या प्रश्नास राष्ट्रीय स्वरूप आले ते जून १९९० मध्ये. सुधारित स्थलांतर कायद्यामुळे ब्राझील व पेरू येथील जपानी वंशाच्या कुटुंबांना दीर्घ वास्तव्याची परवानगी मिळाली. हामामात्सु, तोयोता, ओइझुमी या कारखानदारीच्या गावांतील वर्गांत पोर्तुगीज बोलणारी मुले येऊन बसली. १९९१ च्या पहिल्या शासकीय पाहणीत जपानी शिकविण्याची गरज असलेल्या ५,४६३ मुलांची नोंद झाली.

पुण्यात जपानी शिकणारा विद्यार्थी परकी भाषा शिकतो. तिच्यावाचून त्याचे गणित अडत नाही. या मुलांचे मात्र सारेच अडत होते. तिसरीत दाखल होणाऱ्या मुलास दोन लिपिमाला व मागील दोन इयत्तांची २४० कांजी चिन्हे एकदम भरून काढावी लागत. अशा मुलांना काही तास वर्गाबाहेर काढून शिकविण्याची प्रथा पडली. सहा महिन्यांत मूल मैदानावर अस्खलित बोलू लागे, शिक्षक निर्धास्त होत आणि इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ते नापास होई. संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये केलेला भेद जपानी शिक्षकांना येथे प्रत्यक्ष दिसला. विषयज्ञान व भाषा एकत्र शिकविणारा अभ्यासक्रम प्राथमिक स्तरासाठी २००३ मध्ये व कनिष्ठ माध्यमिक स्तरासाठी २००७ मध्ये तयार झाला. शाळेच्या नियमित अभ्यासक्रमाचा भाग म्हणून अशा अध्यापनास मान्यता मिळण्यास मात्र २०१४ उजाडावे लागले.

या विलंबाचे मूळ पद्धतीत नसून कायद्यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जपानी संविधानाचे कलम २६ मुलांना शिकविण्याचे कर्तव्य ‘कोकुमिन’वर, म्हणजे राष्ट्राच्या नागरिकांवर, टाकते. परकीय पालकाने अर्ज केल्यास मुलास विनामूल्य प्रवेश मिळतो. न केल्यास कायद्याने कोणी जाब विचारीत नाही. २०१९ च्या पाहणीत सुमारे २० हजार परकीय मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता आढळली. त्याच वर्षी जपानी भाषाशिक्षणास चालना देणारा कायदा संमत झाला, तथापि कलम २६ चा अर्थ बदलला नाही.

२०२३ मध्ये शासकीय शाळांत जपानी शिकविण्याची गरज असलेली ६९,१२३ मुले नोंदली गेली. त्यांपैकी ११,४०५ मुले जपानी नागरिक होती.