न्यायालयातून विधिमंडळात : डॉ. आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्ष

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव सर्वांना परिचित आहे. मात्र घटना समितीत प्रवेश करण्यापूर्वी सुमारे दोन दशके ते मुंबईत वकिली करीत होते आणि त्यांतील बराच काळ ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळाचे सदस्य होते. १९३६ मध्ये त्यांनी स्थापन केलेला स्वतंत्र मजूर पक्ष हा त्यांचा पहिला राजकीय पक्ष. या पक्षाचे आयुष्य जेमतेम सहा वर्षांचे ठरले. परंतु खोती, वतन आणि संपाचा हक्क हे त्यांनी सभागृहात मांडलेले प्रश्न पुढेही दीर्घकाळ महाराष्ट्राच्या राजकारणात राहिले.

परळमधील वकील

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आंबेडकर १९२३ मध्ये मुंबईस परतले. वकिलीच्या सनदेसाठी लागणारे पैसेही त्यांच्यापाशी नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ती नड भागविली. उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली, तरी अस्पृश्य समाजातील बॅरिस्टरकडे मोठी कामे सहजी येत नसत. त्यामुळे जिल्हा न्यायालयांतील कामे आणि कायद्याचे अध्यापन यांवर त्यांना निर्वाह करावा लागला. पुढे जून १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

त्यांनी घेतलेल्या खटल्यांतून त्यांची वृत्ती दिसते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेवरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदींवर बदनामीचा खटला झाला, तेव्हा १९२६ मध्ये अपिलात त्यांनी बचावपक्षाची बाजू मांडली व आरोपींची सुटका झाली. 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लेखनाबद्दल अश्लीलतेचा आरोप झालेल्या र. धों. कर्वे यांचे वकीलपत्रही १९३४ मध्ये त्यांनी घेतले. त्यात त्यांना यश आले नाही.

एका खटल्यात तर ते स्वतःच प्रतिवादी होते. मार्च १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर तेथील काही सवर्णांनी चवदार तळ्यावर आपला खासगी हक्क सांगत दावा दाखल केला आणि डिसेंबरमध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. सत्याग्रहासाठी महाडला जमलेल्या हजारो लोकांना आंबेडकरांनी हा हुकूम पाळण्यास सांगितले. निर्णय सोपा नव्हता. अंतिम निकाल उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी प्रथा वादींना सिद्ध करता आली नाही, असे न्यायालयाने म्हटले. पाण्याचा हक्क कायद्याने मान्य होण्यास दहा वर्षे लागली होती.

नियुक्त सदस्य

आंबेडकरांचा विधिमंडळातील प्रवेश निवडणुकीने नव्हे, तर सरकारी नियुक्तीने झाला. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलच्या सदस्यत्वाची शपथ घेतली. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. तुटपुंजी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते यांच्या मोबदल्यात महारांना रात्रंदिवस सरकारी व गावकीची कामे करावी लागत. बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी आणि इच्छा असणाऱ्यास वतनाच्या बंधनातून मुक्त होता यावे, असा विधेयकाचा हेतू होता. विरोधामुळे ते अखेर मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा व भत्ता देणाऱ्या विधेयकाचे त्यांनी जोरदार समर्थन केले. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

पक्षाची स्थापना

पुणे करारानुसार मुंबई प्रांतात अस्पृश्यांसाठी १५ जागा राखीव झाल्या होत्या. १९३५ च्या कायद्याखालील निवडणुका समोर असताना ऑगस्ट १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाची घोषणा केली. पक्षाच्या नावात कोणत्याही जातीचा उल्लेख नव्हता. भूविकास बँका, सहकारी संस्था, कामाचे तास व वेतन यांची निश्चिती, पगारी रजा, तांत्रिक शिक्षण आणि आवश्यक तेथे उद्योगांची सरकारी मालकी असा हा कार्यक्रम शेतकरी व कामगार यांना एकत्र आणू पाहणारा होता. कायस्थ समाजातील अनंतराव चित्रे आणि श्यामराव परुळेकर यांच्यासारखे कार्यकर्तेही या पक्षात होते.

१९३७ च्या निवडणुकीत पक्षाच्या १७ उमेदवारांपैकी बहुसंख्य विजयी झाले. खुद्द आंबेडकरांसमोर मुंबईत काँग्रेसने विख्यात फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. अस्पृश्य समाजाचा अभिमान असलेला हा क्रिकेटपटू. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

खोती विधेयक

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करणारे विधेयक विधानसभेत मांडले. कोकणात सरकार व कूळ यांच्यामध्ये खोत हा मध्यस्थ असे. तो सारा गोळा करी, कुळाकडून धान्याच्या रूपाने खंड घेई आणि अनेकदा वेठबिगारही लादी. खोतांना वाजवी भरपाई देऊन ही पद्धत बंद करावी आणि जमीन कसणाऱ्यास सरकारचा थेट खातेदार बनवावे, अशी विधेयकातील तरतूद होती. या प्रश्नामुळे महार व कुणबी कुळे एका झेंड्याखाली आली. अलिबाग परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सुरूच होता.

१० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांची शिष्टमंडळाने भेट घेतली. मात्र विधेयक संमत झाले नाही.

संपाचा हक्क

सप्टेंबर १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाचे औद्योगिक कलह विधेयक सभागृहात आले. तडजोडीची प्रक्रिया सक्तीची करून त्या काळात संप बेकायदा ठरविण्याची त्यात तरतूद होती. आंबेडकरांचा आक्षेप वकिलाचा होता. संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग. तो दिवाणी स्वरूपाचा असताना त्याला फौजदारी गुन्हा ठरविणे म्हणजे माणसास इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे होय, असे त्यांनी सांगितले. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता.

या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. एरवी ज्यांच्याशी तीव्र मतभेद होते, त्या श्रीपाद अमृत डांगे प्रभृती कम्युनिस्टांबरोबर आंबेडकर या वेळी उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक मात्र बहुमताच्या बळावर संमत झाले. त्याच महिन्यात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही फेटाळला गेला.

पक्षाचा अस्त

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि विधानसभेचे कामकाज थांबले. पुढील वाटाघाटींमध्ये ब्रिटिश सरकार जाती-जमातींच्या प्रतिनिधींशी बोलत होते. त्यात मजुरांच्या पक्षाला स्थान उरले नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे शेड्युल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे कार्य संपले. त्याच महिन्यात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले.

सर्व घटकांचा पक्ष उभारण्याची कल्पना त्यांनी सोडली नाही. रिपब्लिकन पक्षाची योजना त्यांनी अखेरच्या काळात मांडली. प्रत्यक्ष स्थापना त्यांच्या निधनानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी झाली.

सभागृहातील मतांचा हिशेब केला, तर आंबेडकरांच्या पदरी मुख्यतः अपयशच दिसते. वतन विधेयक मागे घ्यावे लागले, खोती विधेयक अडले, संपाविषयीची दुरुस्ती झाली नाही. परंतु खोती नष्ट करणारा कायदा मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये केला आणि कनिष्ठ गाव वतने १९५८ मध्ये रद्द झाली. पहिला कायदा आंबेडकरांना पाहता आला. दुसरा होण्यापूर्वी, ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

दृष्टिक्षेपात

१९२३ : मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ
१९२७ : मुंबई कायदे कौन्सिलवर नियुक्ती, महाड सत्याग्रह
१९२८ : महार वतन विधेयक
१९३५ : शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य
१९३६ : स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना
१९३७ : विधानसभेवर निवड, खोती विधेयक
१९३८ : शेतकऱ्यांचा मोर्चा, कामगारांचा एक दिवसाचा संप
१९४२ : शेड्युल्ड कास्ट फेडरेशन, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री
१९४७ : स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री
१९५१ : हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिपदाचा राजीनामा
१९५२ : लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून पराभव, राज्यसभेवर निवड