खारी, धाबे आणि घराचा भाव : देवळ्याच्या मातीच्या घरांची गोष्ट

१/
'घर पाहावे बांधून' ही म्हण मराठी माणसाला पाठ असते. 'घर पाहावे राखून' अशी म्हण मात्र कोणी केली नाही. वास्तविक नाशिक जिल्ह्याच्या देवळा, सटाणा, कळवण, मालेगाव या कसमादे पट्ट्यात घर बांधण्यापेक्षा राखण्याचेच काम मोठे होते. ते दरवर्षी, ठरलेल्या दिवसांत आणि आभाळाकडे डोळे लावून करावे लागे. हा धागा त्या कामाचा आहे. त्या कामामुळे घराची किंमत कशी ठरत असे आणि पुढे ती सरकारी कागदावर कशी वेगळी ठरू लागली, याचाही आहे.

२/
आधी भूगोल. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेस गिरणेच्या खोऱ्यात उतरले की तोच पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात घरांच्या दोन जाती झाल्या. पश्चिमेस उतरती, गवताची वा कौलांची छपरे. पूर्वेस सपाट मातीचे 'धाबे'. मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात, त्याचेच हे खानदेशी-बागलाणी रूप.

३/
धाब्याची रचना वरवर साधी. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि पाल्यावर चोपून बसवलेली माती. धूर जाण्यास व उजेड येण्यास मधोमध साणे आणि पाणी निघून जाण्यास कडेला पन्हळ. उन्हाळ्यात हे घर आतून थंड राही. वर धान्य, मिरच्या, पापड वाळत. रात्री घरची माणसे तेथेच झोपत.

४/
या छपराचा प्राण म्हणजे सर्वांत वरचा थर, 'खारी'. खारी म्हणजे खारवट पांढुरकी माती. शेतकऱ्याला ती शेतात नकोशी असते, कारण तिच्यातील सोडियममुळे मातीचे कण पाण्यात विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी खाली मुरत नाही आणि पिकाची मुळे गुदमरतात. नेमका हाच दोष छपरावर गुण ठरतो. पहिल्या सरीने खारी भिजली की वरचा थर मिटतो आणि पाणी पन्हळीकडे वाहून जाते. शिवाय तिच्यावर गवत सहसा धरत नाही, म्हणून मुळांच्या वाटेने होणारी गळतीही टळते. जी माती शेताला मारते, तीच घराला तारते.

५/
परंतु खारी कायमची नसते. वाहत्या पाण्याबरोबर ती दरवर्षी थोडी झिजते, उन्हाने भेगाळते. म्हणून आखाजीचा सण उरकला की मृग नक्षत्र लागेपर्यंतचे दिवस हे धाब्याचे दिवस. बैलगाडीने किंवा गाढवांवरून खारी आणायची, जुना भुसभुशीत थर खरवडायचा, भेगा बुजवायच्या, नवी खारी पसरून चोपण्याने ठोकायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीही या लगबगीत सापडत.

६/
पावसाळ्यात काम थांबत नसे. झडीच्या दिवसांत गळती कोठे लागली ते आतून पाहायचे आणि भर पावसात वर चढून तेवढीच जागा चोपून यायची. पाऊस सरला की भिंतींची पाळी. दसरा-दिवाळीच्या तोंडावर ढासळलेले कोपरे लिंपणे, पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात देणे, जमीन नव्याने करणे. आठवड्याचे शेणाचे सारवण आणि दारातला रोजचा सडा तर बारमाही. यातील बहुतेक काम स्त्रियांचे. त्याची मजुरी कोणत्याही हिशेबात लिहिली गेली नाही. पण ते एक वर्ष चुकले, तर घराने ते लगेच दाखवून दिले.

७/
'पांढरी' हा शब्दही येथे महत्त्वाचा. जुन्या मराठी व्यवहारात गावाचे दोन भाग : पिकाची ती 'काळी', वस्तीची ती 'पांढरी'. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडत, त्यांवर नवी उभी राहत आणि त्यांत चुलीची राख व शेण मिसळत गेले. त्यातून वस्तीखालची जमीन पांढुरकी झाली व उंचावली. ओस पडलेल्या गावांच्या अशाच पांढऱ्या टेकाडांत पुरातत्त्वज्ञांना ताम्रपाषाणयुगीन वस्त्या सापडल्या. संगमनेरजवळचे जोर्वे येथील उत्खनन १९५०-५१ मधले. त्यावरून त्या संस्कृतीलाच जोर्वे हे नाव मिळाले. मातीचे घर मरत नाही, ते पुढच्या घराची जमीन होते.

८/
मग अशा घराची किंमत ती काय? माती गावची, मेहनत घरची. विकत घ्यावे लागे ते लाकूड. पश्चिमेला डांग आणि सुरगाण्याची सागाची राने होती. डांगची जंगले इंग्रजांनी १८४२-४३ मध्ये तेथील भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली आणि साग ही सरकारी मालमत्ता होत गेली. घराचे माप चौरस फुटांत नसे, 'खणां'त असे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. तीन खणी घर, पाच खणी घर. किती खण, लाकूड कसले, चतुःसीमा कोणत्या, एवढ्यात घराचा भाव ठरे. घर पडले तरी तुळया-खांब विकता येत. भिंत मात्र मातीला मिळे.

९/
या किमतीत एक न लिहिलेला घटक होता : घर नांदते आहे की नाही. दरवर्षी खारी पडलेल्या घराचे सरे कोरडे, म्हणून लाकूड शाबूत. दोन-तीन पावसाळे दुर्लक्षित राहिलेल्या धाब्यात पाणी मुरते, सऱ्यांची टोके कुजतात, वाळवी लागते आणि एके रात्री वरची माती खाली येते. म्हणजे घराची किंमत बांधण्याच्या दिवशी एकदा ठरून राहत नसे. ती दर वैशाखात नव्याने कमवावी लागे.

१०/
यातूनच वाटणीचे भांडण जन्मले. भाऊ वेगळे झाले की घर खणांनी वाटले जाई. पण धाबे एकच राही आणि मधली भिंत सामाईक. धाकटा नोकरीला शहरात गेला, त्याच्या दोन खणांना कुलूप लागले, त्यावर खारी पडेनाशी झाली. पाणी मात्र वाटणीपत्र वाचत नाही. ते कुलपाच्या बाजूने शिरून थोरल्याच्या भिंतीत उतरते. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही म्हण अशा घरांत अलंकार नव्हती, अनुभव होता. १९७२ च्या दुष्काळानंतर गावे सोडून गेलेल्या कुटुंबांच्या घरांची हीच गत झाली.

११/
आता कागदाकडे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जमिनीची पाहणी झाली, तेव्हा सरकारला हवा होता तो शेतसारा. म्हणून काळीचा तुकडा न् तुकडा मोजला गेला, त्याला क्रमांक मिळाले, प्रत लागली. पांढरीवर शेतसारा नव्हता; त्यामुळे बहुतेक गावांत तिच्याभोवती फक्त एक हद्द आखली गेली. आत कोणाचे घर कोठवर आहे, हे नकाशाने सांगितले नाही. शेताला सात-बारा मिळाला, घराला नाही. मालकी होती ती वहिवाटीची आणि शेजाऱ्याच्या साक्षीची.

१२/
१९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामपंचायतींना इमारती व जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार दिला. घरपट्टीची नोंद 'नमुना ८' मध्ये होऊ लागली. गावकऱ्यांनी हाच घराचा उतारा मानला. कायद्याने मात्र ती करआकारणीची नोंद होती, मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे तारणाचा प्रश्न आला की अडे. शेतावर कर्ज मिळे, पण गावठाणातले घर तारण ठेवायचे तर हक्काचा दस्त कोठून आणायचा?

१३/
याच सुमारास शासकीय भाषेत दोन शब्द रुजले : 'कच्चे' आणि 'पक्के'. मातीची भिंत व मातीचे छप्पर कच्चे. विटा, सिमेंट, स्लॅब पक्के. शंभर वर्षे उभा असलेला सागवानी धाबाही या भाषेत कच्चाच. डिसेंबर २०१५ पासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, वार्षिक मूल्यदर तक्त्यातील दर आणि वयानुसार घसारा, असा तो हिशेब. कच्च्या बांधकामाचा घसारा काँक्रीटपेक्षा वेगाने धरला जातो. घराचे वय मोजण्यास रकाना आहे. यंदा खारी पडली की नाही, याला रकाना नाही.

१४/
हे वर्गीकरण निव्वळ अन्याय होता असेही नव्हे. त्याची दुसरी बाजू ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दिसली. लातूर-धाराशिवच्या त्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद हे त्याचे मोठे कारण. जुना थर न खरवडता दरवर्षी नवी माती टाकत गेल्याने छपरे फूट-दोन फूट जाड झाली होती. नंतरच्या मजबुतीकरणाच्या शिफारशींत छपरावरील जादा माती उतरवणे ही प्रमुख सूचना होती. राखण्याचे काम अर्धेच केले, तर तेच घात करते, हा तो धडा.

१५/
किल्लारीनंतर महाराष्ट्रभर मातीच्या घरावरचा विश्वास उडाला. शेजारच्या कळवण तालुक्यात दळवट परिसरात भूकंपाचे सौम्य धक्के जाणवतात, त्यामुळे कसमादेतही ही भीती परकी नव्हती. त्यात कांद्याचा आणि उसाचा पैसा आला, सिमेंट गावोगाव पोचले, सागवान महागले, खारी आणणारी गाढवे आणि चोपणारे हात कमी झाले. धाब्यांवर आधी पत्रे चढले, मग धाबे उतरून स्लॅब आले.

१६/
१९९९ मध्ये देवळा स्वतंत्र तालुका झाला. कचेऱ्या, शाळा-महाविद्यालये, दवाखाने, दुकाने आली की जागेला भाव येतो. रस्त्याकडेच्या मोकळ्या भूखंडाचा भाव आणि जुन्या गावठाणातल्या घराचा भाव यांत अंतर पडत गेले. जुन्या घराच्या सौद्यात आता खण मोजले जात नाहीत. घेणारा जागा घेतो. धाबे पाडण्याचा खर्च वजा धरतो. निघालेले सागवान मात्र जुन्या लाकडाच्या बाजारात आजही किंमत राखून आहे.

१७/
२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घर नसलेल्या, तसेच कच्च्या भिंती व कच्च्या छपराच्या एक-दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांना सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळू लागले. गळक्या छपराखाली रात्र काढलेल्या कुटुंबासाठी ही मोठीच गोष्ट. मात्र पक्के घर बांधण्यास पैसा आहे, चांगला धाबा राखण्यास नाही. म्हणून राखता येण्याजोगे घरही पाडण्यातच शहाणपण ठरते.

१८/
घराच्या कागदाचा प्रश्न अखेर हातात घेतला गेला. पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी 'स्वामित्व' योजना जाहीर झाली. दीडशेहून अधिक वर्षांनी पांढरीला नकाशा आणि घरमालकाला मालमत्ता पत्रक मिळू लागले. ड्रोन घर वरून पाहतो; त्याला छपराची कड दिसते. सामाईक भिंतीचा अर्धा भाग कोणाचा, हे मात्र आजही शेजाऱ्यांनाच एकत्र उभे राहून सांगावे लागते.

१९/
स्लॅबने राखण संपली का? तशी समजूत होती. पण स्लॅबलाही भेगा जातात, पाणी आत शिरते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. धाब्याची गळती त्याच रात्री कळे आणि फावडाभर मातीने थांबे. स्लॅबची गळती अनेक वर्षे पोटात राहते आणि कळते तेव्हा खर्च आवाक्याबाहेर गेलेला असतो. घर पक्के झाले, तरी पावसाळ्यापूर्वी वर चढून पाहण्याची गरज तेवढीच राहिली.

२०/
देवळ्याच्या शिवारात एका वास्तूची ऋतुमानाने होणारी राखण मात्र अजून काटेकोर आहे : कांदाचाळ. उन्हाळ कांदा चाळीत भरण्यापूर्वी ती झाडली जाते, तुटलेल्या पट्ट्या बदलल्या जातात, वारा खेळतो की नाही हे पाहिले जाते, पावसाची झड आत येऊ नये म्हणून बाजू झाकल्या जातात. दिवस तेच, आखाजी ते मृग. कारण उघड आहे. चाळीतला हलगर्जीपणा त्याच वर्षी बाजारात पैशांनी मोजला जातो. घरातला मोजायला पिढी जाते.

२१/
मराठीत नियम मोडण्याला 'धाब्यावर बसवणे' म्हणतात. नको असलेली वस्तू घराच्या छपरावर नेऊन टाकावी आणि विसरावी, असे चित्र त्या शब्दांतून उभे राहते. पण धाबा ही विसरण्याची जागा कधीच नव्हती. वर्षातून एकदा संपूर्ण घर तेथे चढत असे आणि आपल्या डोक्यावर काय आहे, ते हाताने चाचपून पाहत असे. त्या चाचपण्यालाच जुन्या देवळ्यात घराची किंमत म्हणत. मूल्यदर तक्त्यात ती नसली, तरी पहिल्या पावसाला ती अजूनही कळते.