अबकारी ते मुक्तांगण

मुंबई इलाख्यात दारूचा प्रश्न प्रदीर्घ काळ महसुलाचा प्रश्न म्हणूनच हाताळला गेला. १८७८ च्या अबकारी कायद्याने, म्हणजे मादक पदार्थांच्या उत्पादन-विक्रीवरील कराच्या कायद्याने, गावोगावच्या भट्ट्यांवर सरकारची पकड बसली आणि १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातील वाढत्या दारूगुत्त्यांविरुद्ध पत्र लिहिताना उद्ध्वस्त होणाऱ्या कुटुंबांकडे बोट दाखवले, ही नोंद म्हणूनच मोलाची आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महसुलाऐवजी बंदीचे धोरण आणले खरे, परंतु परवाना, धाड आणि दंड या तिन्हींचा रोख बाटलीवरच राहिला. सकाळी हात थरथरतात म्हणून पुन्हा पिणाऱ्या माणसाने जायचे कोठे, याला कायद्यापाशी उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधणे भाग पाडले गर्दने. ब्राउन शुगर या अशुद्ध हेरॉइनला मिळालेले हे नाव १९८० नंतर मुंबई-पुण्यात सर्वतोमुखी झाले. चकचकीत पन्नीवर चिमूटभर पूड ठेवून खालून काडी धरायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा, एवढ्या साध्या कृतीतून शाळा-कॉलेजांतील मुले अडकत गेली. पुढची मात्रा मिळाली नाही की नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडे मोडल्यासारख्या वेदना आणि झोपेचा पूर्ण अभाव अशी अवस्था येते. तिला व्यसनी मंडळी ‘टर्की’ म्हणतात. या यातनेच्या भीतीपोटी पुन्हा गर्द घेतली जाते, हे न कळल्यामुळे घरचे व्यसनी मुलाला मारत, कोंडत, आणि दोष त्याच्या चारित्र्याला देत. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या लेखनाने हा गैरसमज मराठी घरांपर्यंत जाऊन दूर करण्याचा प्रयत्न केला, आणि ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी उपचारकेंद्रासाठी आर्थिक साहाय्य देऊ केले. मराठीत लेखनातून उपचारकेंद्र उभे राहिल्याची अशी उदाहरणे विरळाच.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले ते येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात, तेथेच मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने. जागा मिळाली, तरी पत्ता अडचणीचा होता, कारण पुणेकरांच्या बोलण्यात ‘येरवड्याला पाठवणे’ याचा अर्थ वेड्यांचे इस्पितळ किंवा तुरुंग एवढाच होत असे. त्या शिक्क्याला डॉ. अवचट यांनी दिलेले उत्तर औषधापेक्षा वागणुकीचे होते: रुग्णाला कोंडण्याऐवजी विश्वासाने वागवायचे, व्यसनाला आजार मानायचे, आणि बरे झालेल्यांनाच कार्यकर्ते करायचे. टर्कीतून स्वतः गेलेला माणूस उशाशी बसला की नव्या रुग्णाला धीर येतो, हे पांढऱ्या कोटाला साधणे कठीणच. एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या चळवळीचे ‘फक्त आजचा दिवस’ हे सूत्रही येथे रुजले.

रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट निघाल्यावर वर्षानुवर्षे मुकाट सोसणाऱ्या बायकांना आपले दुःख बोलण्यासाठी जागा मिळाली. मात्र स्वतः व्यसनात सापडलेल्या स्त्रियांना अधिक थांबावे लागले. ‘निशिगंध’ हा त्यांचा स्वतंत्र विभाग पुष्कळ वर्षांनी उघडला, आणि तोवर पुरुषांसाठी झालेली सोय त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती.