इंजिनाचा भाता

लोहाराच्या भट्टीत कोळसा तोच असतो, लोखंडही तेच असतं. पण भात्यावरचा पोरगा जरा उठून गेला की भट्टी मंदावते. मोटारीच्या इंजिनाचंही असंच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं, पण त्याच्या जोडीला तितकी हवा आत कोंबायची कशी? इंजिनाचा दट्ट्या खाली जाताना ओढून घेईल तेवढीच हवा त्याला मिळते. त्याहून जास्त हवा देणारा जो इंजिनाचा भाता, त्याला सुपरचार्जर म्हणतात. जुन्या गाडीतला हा भाता बिघडला तर दोष कसा शोधावा, हे आज पाहायचं आहे. पण आधी त्याचा इतिहास सांगतो. यंत्र कसं घडलं हे कळलं की त्याचं दुखणं निम्मं कळतं.

या भात्याचा जन्म मोटारीच्या कारखान्यात झाला नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. पाण्याच्या जोरावर गिरणी चालवायला जुन्या पाणचक्कीपेक्षा बरं काही करावं, म्हणून त्यांनी एक फिरतं यंत्र बनवलं. त्यातले लाकडी भाग पाण्यानं फुगले आणि यंत्र अडकून बसलं. पुढची हकिकत अशी सांगतात, की ते कोरडं फिरवून पाहताना तोंडातून हवेचा असा झोत आला, की हे पाण्याचं नव्हे, वाऱ्याचं यंत्र आहे, हे पाहणाऱ्यांच्या ध्यानात आलं. 1860 साली रूट्स बंधूंनी त्याचं पेटंट घेतलं. ओतकामाच्या भट्ट्यांना वारा घालायला आणि खाणींत हवा खेळवायला ते वापरात आलं. 1870 साली न्यूयॉर्कला जमिनीखालून हवेच्या जोरावर डबा ढकलण्याचा जो प्रयोग झाला, त्यातही रूट्सचाच भाता होता.

याची रचना ऐका. एका लंबगोल पेटीत दोन दांड्यांवर दोन डमरू आडवे बसवले आहेत अशी कल्पना करा. दोन्ही टोकांना फुगीर, मध्ये निमुळते. ते एकमेकांच्या उलट फिरतात. एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळगीत येतो, आणि पेटीच्या कडेनं हवा पुढे ढकलली जाते. गंमत अशी, की हे डमरू एकमेकांना लागत नाहीत आणि पेटीलाही लागत नाहीत. मधली फट इंचाच्या काही हजाराव्या भागाएवढी असते. ही फट राखण्याचं काम टोकाची दोन दंतचक्रं आणि बेअरिंगं करतात. त्यामुळे आतल्या डमरूंना वंगण लागत नाही. उलट, तिथे तेलानं डबडबलेलं दिसलं तर काहीतरी बिघडलं आहे असं समजावं. आणि फट बुजून धातूला धातू लागला, तर भाता स्वतःलाच खाऊ लागतो.

इंजिनात जादा हवा भरण्याच्या कल्पनेचं पेटंट गॉटलीब डाइमलर यानं 1885 सालीच घेतलं होतं. पुढे विमानं आली. उंचावर हवा विरळ, तिथे इंजिनाला धाप लागे. म्हणून हा विषय जोरात पुढे आला. 1921 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज कंपनीनं भाता बसवलेल्या मोटारी विक्रीसाठी मांडल्या. त्यांचा भाता सदा चालत नसे. चालकानं पेडल तळापर्यंत दाबलं की तो जोडला जाई आणि मोठी किंकाळी फुटे. तो थोडाच वेळ वापरायचा असे, आणि त्याला कारण होतं.

ते कारण सायकलवाल्यांना ठाऊक आहे. चाकात हवा भरताना पंपाचा बुडखा हाताला चटका देतो. हवा दाबली की तापते. जादा हवा म्हणजे जादा पेट्रोल, जादा जोर, आणि जादा उष्णता. ती सगळी दट्ट्यांनी, झडपांनी आणि प्लगांनी सोसायची. इंग्लंडमध्ये बेंटली मोटारीचा जनक डब्ल्यू. ओ. बेंटली याला म्हणूनच भाता पसंत नव्हता. जोर हवा असेल तर इंजिनच मोठं करा, असं त्याचं म्हणणं. पण सर हेन्री बर्किन या शर्यतपटूनं हट्ट धरला, डोरोथी पॅजेट या धनिक बाईंनी पैसा पुरवला, आणि अॅमहर्स्ट व्हिलिअर्सनं आखलेला रूट्स पद्धतीचा भाता साडेचार लिटरच्या इंजिनापुढे बसला. शर्यतीच्या नियमाखातर अशा पन्नास गाड्या विक्रीसाठी बांधाव्या लागल्या.

1930 सालच्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत काय झालं? बर्किननं मर्सिडीजला गाठून मागे टाकलं, लोकांनी टोप्या उडवल्या असतील. पण शेवटी भात्याच्या दोन्ही बेंटली शर्यत संपण्याआधी बंद पडल्या. जिंकली ती भाता नसलेली, मोठ्या इंजिनाची साडेसहा लिटरची बेंटली. नाव पडलं भात्याचं, पण निकामी झाली होती ती इंजिनं. जादा ताण त्यांना सोसला नाही. त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्रांप्रीत बर्किन अशाच गाडीनं दुसरा आला, तेव्हा भात्यात दम नव्हता असं म्हणता येत नाही. 1931 साली बेंटली कंपनी कर्जात बुडाली आणि रोल्स-रॉइसनं ती घेतली.

यातून मिस्त्रीनं घ्यायचं ते हे, की भात्याच्या गाडीत बिघाड झाला म्हणजे भाताच बिघडला असं नव्हे. आता अलीकडचं उदाहरण घेऊ. 1989 साली फोर्डच्या थंडरबर्ड गाडीत ईटन कंपनीचा भाता आला. नंतर ब्यूइक आणि पाँटिअॅक गाड्यांतही त्याच घराण्यातले भाते बसले. डमरूंच्या जागी तीन पाकळ्यांचे पिळदार भाग आले, पण तत्त्व रूट्सबंधूंचंच. या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या तक्रारी ठरलेल्या आहेत.

पहिली तक्रार, गाडी ओढत नाही. इथे पाना उचलण्याआधी डोळे वापरावे. हवेची गाळणी तुंबली आहे का? पट्टा गुळगुळीत होऊन घसरतो का? रबरी नळी चिरली का? मग पाहावी ती बगलेची झडप. गाडी सावकाश चालताना ही झडप उघडी राहून हवा माघारी फिरवते. पेडल दाबलं की स्प्रिंगनं मिटते, आणि मग दाब चढतो. ती उघडीच अडकली तर भाता ठणठणीत असूनही दाब शून्य. तिचा रबरी पडदा फाटला तर उलटं घडतं: ती मिटलेलीच राहते, भाता सतत ओझं ओढतो आणि पेट्रोल वाढतं. दाबमापक लावला की हा उलगडा होतो. एका छोट्या झडपेपायी पुरा भाता बदलला, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया गेले.

दुसरी तक्रार, आवाज. गाडी उभी असताना खडखड होते आणि रेस वाढवली की थांबते, तर बहुधा पुलीच्या दांड्याला दंतचक्रांशी जोडणारा प्लॅस्टिकचा तुकडा झिजलेला असतो. इंजिन बंद करून पट्टा उतरवावा, पुली हातानं मागेपुढे हलवावी. ढिलेपणा बोटांना कळतो. गरगर फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग. धातू घासल्याचा आवाज आला तर मात्र गाडी चालवूच नये.

तिसरी तक्रार, तेल. ईटनच्या भात्याच्या नाकाडात स्वतःचं वेगळं तेल असतं. ते कमी झालं आणि आत ओल दिसली, तर ऑइल सील गेलं. पण इंजिनाच्या वाफेबरोबरही थोडं तेल येऊन आत पातळ थर बसतो. म्हणून नुसता थर पाहून सीलाला दोष देऊ नये. नाकाडातल्या तेलाची पातळी पाहावी, मग बोलावं.

उघडताना हातोडा आणि छिन्नी दूर ठेवावी. अल्युमिनियमच्या तोंडावर एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. बेअरिंग ओढणीनं काढावं. दंतचक्रं उतरवायची साधनं नसतील तर त्यांना हातच लावू नये, कारण पाकळ्यांचा मेळ तीच राखतात. जोडल्यावर फट पट्टीनं मोजावी, सांगितलेलंच तेल मापून भरावं, आणि पुली हातानं पुरती फिरवून मगच पट्टा चढवावा. आत धातूचा चुरा सापडला असेल, तर इंजिनाकडे जाणारी वाट साफ केल्याखेरीज चावी फिरवू नये. आणि तो चुरा का झाला, हे शोधल्याशिवाय नवा भाग बसवू नये. नाहीतर महिन्याभरात तोही त्याच वाटेनं जातो.

आपल्याकडे अशा मोटारी क्वचितच दिसतात. पण बऱ्याच ट्रकांना आणि ट्रॅक्टरांना टर्बो असतो. तो याच भात्याचा भाऊबंद. फक्त पट्ट्याऐवजी धुराच्या जोरानं फिरतो. ट्रॅक्टर ओढेना झाला तरी क्रम तोच: आधी गाळणी, मग नळ्या, मग तेल, आणि टर्बो सर्वांत शेवटी.

शिक्षकांनी वर्गात पुठ्ठ्याचे दोन डमरू कापावे, दोन टाचण्यांवर बसवावे, एक उभा नि एक आडवा, आणि मुलांना उलट दिशांनी बरोबरीनं फिरवायला सांगावं. मग एक डमरू जरासा पुढे सरकवून पुन्हा फिरवावं. ते कुठे अडकतात हे मुलांना दिसलं, की दंतचक्रांचा मेळ का जपायचा ते वेगळं सांगावं लागणार नाही.