आगगाडी बरी की मोटार?

जुळे सोलापुरातून पंढरपूरला निघालात, तर मोटार बरी की आगगाडी?

सोलापुरास रेल्वे आली १८६० साली. पण बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला १८६३ मध्ये. तोवर मुंबईच्या वाटसरूला घाट रस्त्यानेच ओलांडावा लागे. १९०६ मध्ये बार्शी लाईट कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली, अन् दूरदूरच्या गोरगरिबांना विठोबा जवळ आला. सोलापूरकराला मात्र आजही गाडीने कुर्डुवाडीचा वळसा पडतोच. मोटार मोहोळवरून सरळ नेते. १९४८ साली एस. टी. सुरू झाली, ती रूळ नसलेल्या गावांना आधार ठरली.

तेव्हा भांडण कशाला? लांब पल्ल्याला आगगाडी, गावच्या वेशीपर्यंत एस. टी. वाहन कोणते, यापेक्षा सोय कोणाची, हे आधी पाहावे.